सरळ हाताचा नो-बॉल

एका बोलरचा हात सरळ होता आणि मी तो वाकडा ठरवला. नजर चुकली, ऊन डोळ्यांवर होतं, असं म्हणायची सोय मला नाही. त्या दिवशी मैदानावर जेवढी माणसं होती त्या सगळ्यांपेक्षा मला तो हात जास्त ठाऊक होता. तरी मी भर मैदानात ‘नो-बॉल’ म्हणून ओरडलो आणि एकदा ओरडून थांबलो नाही. पंचांच्या चुका होतच असतात, खेळणारे त्या विसरून जातात. माझी ती चूक होती असं मी लोकांना पुष्कळ वर्षं म्हणू दिलं. ती चूक नव्हती.

माणसांची नावं इथे लिहीत नाही. काही अजून खेळतात, काहींची पोरं खेळतात.

मी बेळगावातल्या एका हायस्कुलात शिक्षक होतो. शाळा सुटली की सायकल आपोआप ठळकवाडीच्या बाजूला वळायची. तिथल्या माळावर आमचा क्लब होता. क्लब म्हणजे एक पत्र्याची खोली, दोन बॅटा, पॅडचे जोड आणि काथ्याची मॅटिंग. मी खेळाडू म्हणून बेताचाच होतो, पण नवशिक्या पोरांत रमायचो. म्हणून क्लबाने एक काम माझ्या गळ्यात घातलं. नव्या बोलरना नेटातून काढायचं आणि लीगच्या सामन्यांत उभं राहण्याजोगं करायचं. गावातले, कॅम्पातले, शहापूरकडचे क्लब मिळून ती लीग दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि उन्हं कडक झाली की संपायची.

नेटात झकास बोलिंग टाकणारी पोरं दरवर्षी मिळत. पण लीगमध्ये गेली की त्यांचा हात बांधल्यासारखा व्हायचा. नेटात बॅट्समन ओळखीचा, तो लगेच उभा राहतो. लीगमधला बॅट्समन येतो तो वरातीतल्या नवरदेवासारखा. मॅटिंगवर बॅटेने ठोकतो, पॅडचा पट्टा सोडून पुन्हा बांधतो, चहूकडे बघतो. तोपर्यंत बिचाऱ्या बोलरच्या हातातला चेंडू घामाने ओला होतो. म्हणून मी माझ्या पोरांना वाट बघायला शिकवायचो. बोलर धावत निघाला की मी मध्येच हात वर करायचो आणि खाली बसून बुटाचा बंद सोडायचो. बाकीच्यांना मी टोमणे मारायला नेटामागे उभं करायचो. त्यात मात्र कुणाला शिकवावं लागत नसे.

“अरं, चेंडू टाकायलास का नैवेद्य दाखवायलास?”

“सावकाश रं, त्येच्या आईनं सांगितलंय, पळू नको म्हणून.”

कन्नडमधून जे चाले ते मी इथे लिहिणार नाही. पोरगा चिडायचा, मग हसायचा, आणि एक दिवस काही न ऐकल्यासारखा शांतपणे चेंडू टाकायचा. त्या दिवशी मी क्लबाच्या कप्तानाला सांगायचो, हा तयार झाला. कप्तान तरुण वकील होता. तो म्हणायचा, “मास्तर, तुमचा दाखला मिळाला म्हणजे झालं.”

मॅटिंग अंथरायचं कामही नव्या बोलरचंच. मुरमाच्या पट्ट्यावर पाणी मारायचं, झाडायचं, मग मॅटिंग उलगडून कडेने खुंट्या ठोकायच्या. ढिली राहिली तर चेंडू अडखळून वळतो, ताणली तर सरपटत निघतो. लीगमध्ये दुसऱ्यांच्या मैदानावर गेलं की पहिल्यांदा टाचेने मॅटिंग दाबून बघायची, हे पोरांच्या अंगवळणी पडायला ती रोज त्यांनीच अंथरायला हवी. ओल्या काथ्याचा तो वास, येळ्ळूरच्या गडाकडून येणारा वारा, आणि चेंडू मॅटिंगवर पडला की होणारा तो जाड, बुजका आवाज. आज इतक्या वर्षांनी संध्याकाळी घरात बसलो असताना शेजारी कुणी गोधडी झटकली तरी मला तो आवाज आठवतो आणि मी उगीच दारापर्यंत जाऊन येतो.

तो पहिल्यांदा आला तो अमावास्येला. अमावास्येला शहापुरातले माग बंद असत, म्हणून विणकरांची पोरं माळावर भटकायला यायची. एकोणीस-वीस वर्षांचा, उंच, अंगाने काटक. बराच वेळ तो खेळ बघत उभा होता. एक चेंडू लांब गेला तो त्याने उचलला आणि परत टाकला. चेंडू कप्तानाकडे येता येता टप्पा पडून जो वळला, तो सरळ पाण्याच्या घागरीवर जाऊन आदळला.

“घागर फोडतोस काय रं?” कप्तान म्हणाला.

“मी तुमच्याकडंच टाकलता. त्योच तिकडं गेला.”

मी त्याला नेटात बोलावलं. घरी खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसायचा आणि उजव्या हाताने दोरीला हिसडा द्यायचा, त्या हिसड्यासरशी धोटा या टोकाकडून त्या टोकाला जायचा. लहानपणापासून दिवसभर हेच. त्या हिसड्याने त्याचं मनगट असं घडलं होतं की चेंडू सुटताना ते चाबकासारखं फिरे. हात कानाजवळून सरळ वर यायचा, आणि अगदी शेवटी मनगट. आमच्या क्लबातल्या कुणालाच असं काही टाकता येत नव्हतं.

पण अमावास्येला एकदा येऊन लीगचा बोलर होत नाही. मी त्याच्या वडिलांना भेटायला शहापूरला गेलो. कपिलेश्वराजवळचं रेल्वेचं फाटक ओलांडलं की सांगली संस्थान लागायचं. त्यावरूनही आमच्या क्लबात त्याची थट्टा चाले, फाटकावर परवाना दाखवलास काय म्हणून. त्याचे आप्पा मागावर होते. मी बोलत होतो तोवर त्यांनी माग थांबवला नाही.

“रोज संध्याकाळी तासभर सोडा त्याला,” मी म्हणालो.

“चेंडू टाकून काय मिळतंय, मास्तर?”

“मिळत काही नाही.”

“मग लई मोठं काम दिसतंय.” ते हसले. धोटा दोनदा इकडून तिकडे गेला. “पोरगं अमावास्येची वाट बघाय लागलंय. आमच्यात अमावास्येची वाट कोण बघतंय? सोडतो. पण दिवसाचं विणायचं त्यानं विणूनच यायचं.”

त्या हिवाळ्यात तो रोज यायचा. घामेजलेला, केसांत सुताचे कण अडकलेले, बऱ्याचदा पळतच. शिकवायला मला फार काही नव्हतं. टप्पा कुठे टाकायचा आणि वाट कशी बघायची, एवढंच. वाट बघणं त्याला अवघड गेलं नाही. तो म्हणायचा, “मास्तर, धागा तुटला की शोधून गाठ मारायला लागती. तवा घाई करून चालत न्हाय.” खेळ संपला की फाटकापर्यंत आम्ही बरोबर जात असू. मी सायकल हातात धरून, तो शेजारी. एखादी गाडी यायची असली आणि फाटक बंद असलं तर मला मनातून बरं वाटायचं. तो बोलायचा कमी, पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायचा. लीगचा एक सामना आपल्या गल्लीतल्या माणसांनी बघावा. दिवसभर मागाच्या खड्ड्यात बसणाऱ्या आप्पांनी एकदा मोकळ्या माळावर उभं राहून आपल्याला लांबून धावत येताना बघावं. बाकी त्याला काही नको होतं.

आमच्याच क्लबात एकदोघांना शंका आली, की हा कोपरातून फेकतो. मलाही खात्री करून घ्यायची होती. मी शाळेतली लाकडी पट्टी आणली, ती त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला ठेवली आणि वरून जुन्या पंच्याच्या चिंध्यांनी दंडापासून मनगटाच्या अलीकडपर्यंत हात गच्च बांधला. कोपर वाकायची सोयच राहिली नाही. त्याने बोलिंग टाकली. चेंडू तसाच वळला. शंका घेणारे गप्प झाले. मी त्या संध्याकाळी कप्तानाला सांगितलं, हा तयार आहे.

लीगला पांढरी पॅंट लागायची. त्याच्याकडे धोतर आणि एक खाकी अर्धी चड्डी. माझी जुनी देऊ केली, पण त्याच्या उंचीला ती पोटरीपर्यंतच आली. शेवटी आप्पांनीच मागावर पांढरं सूत लावलं. आयुष्यभर लुगडी विणलेला हात तो, कापड मऊसूत झालं. शिंप्याने पॅंट शिवली, पण वारा आला की ती शिडासारखी फुगायची. क्लबातली पोरं म्हणाली, “काठ कुठं ठेवलास रं?” तो म्हणाला, “काठ सामना जिंकल्यावर.”

आता पंचाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझं वागणं कळायचं नाही. आमच्या लीगमध्ये पंच बाहेरचे नसत. प्रत्येक क्लबाने आपला एक पंच द्यायचा अशी रीत होती. त्यामुळे क्लबाचा पंच म्हणजे क्लबाचा बारावा गडी, असं सगळे धरूनच चालत. मी तसा नाही अशी माझी कीर्ती होती. मी आमच्या कप्तानालाच एकदा पहिल्या चेंडूवर पायचीत दिला होता. “मास्तरच्या बोटाला नातंगोतं नाही,” असं लोक म्हणायचे. हे वाक्य माझ्या कानावर पडलं की मी ऐकलंच नाही असं दाखवायचो, आणि घरी जाऊन बायकोला सांगायचो.

सामना कॅम्पातल्या एका क्लबाशी होता. दुपारनंतर बघतो तर शहापूरची पंधरा-वीस माणसं कडेला येऊन उभी राहिलेली. आप्पाही होते, पागोटं घालून, देवळात आल्यासारखे हात पुढे धरून.

कप्तानाने त्याला चेंडू दिला. बॅट्समनने खूप वेळ लावला, पॅड सोडली, बांधली. तो उभा राहिला, हातातल्या चेंडूकडे बघत. मग ते फुगलेलं पांढरं शीड धावत आलं. त्याच्या पहिल्या षटकात एक चेंडू पायाच्या मागून वळून ऑफच्या स्टंपवर लागला. बॅट्समन मॅटिंगकडे बघत राहिला. शहापूरकर काय झालं ते नीट न कळताच ओरडले, आणि आप्पांनी शेजाऱ्याला विचारलेलं मला दिसलं.

पाण्याच्या वेळी कॅम्पाचा कप्तान माझ्याजवळ आला. चांगला, सभ्य माणूस. त्याने मला पान दिलं आणि हळूच म्हणाला, “मास्तर, बोलर तुमच्या हातचा ना? म्हणून आम्ही तोंड उघडत नाही. तुमचं नाव आहे.”

एवढंच. त्याने आरोप केला असता तर मी भांडलो असतो. मी पट्टीची गोष्ट सांगितली असती, पुन्हा बांधून दाखवतो म्हटलं असतं. पण त्याने माझ्या नावाला हात घातला. पान तोंडात ठेवून मी बाजूला, स्क्वेअर लेगला माझ्या जागी जाऊन उभा राहिलो. तो धावत आला. हात वर गेला. मी बघत होतो आणि मला कोपर सरळ दिसलं. मनगट फिरलं. त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे उद्याच्या कॅम्पातल्या गप्पा आल्या, की शेवटी मास्तरही आपल्या पोराला झाकतो म्हणून. मी ओरडलो.

कप्तान वकील धावत आला. “मास्तर, काय झालं?”

“हात.”

“हात तर तुम्हीच तपासला होता.”

“सामन्यात वाकतोय.”

हे माझं खोटं बोलणं. पहिलं ओरडणं एकवेळ घाबरून झालं असं म्हणता येईल, हे वाक्य मात्र मी विचार करून बोललो. पुढचा चेंडू त्याने सावकाश, जपून टाकला, हात अगदी उंच धरून. मी पुन्हा ओरडलो. एकदा म्हटल्यावर दुसऱ्यांदा गप्प बसलो असतो तर मीच खोटा ठरलो असतो. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा तो माझ्याकडे बघतही नव्हता. त्याने चेंडू कप्तानाच्या हातात ठेवला आणि सीमेजवळ जाऊन उभा राहिला. तिथे उभ्या असलेल्या कॅम्पातल्या पोरांनी ‘फेक्या, फेक्या’ म्हणून सुरू केलं.

खेळ संपल्यावर कॅम्पाच्या कप्तानाने माझा हात हातात घेतला. “असा पंच बघितला नाही,” म्हणाला. खोटं कशाला लिहू, त्या वेळी मला बरं वाटलं. सायकलपर्यंत पोचेस्तोवर बरं वाटत होतं. सायकलपाशी आप्पा उभे होते.

“मास्तर, मला ह्यातलं कळत न्हाय. पोरानं काय लबाडी केली काय?”

“लबाडी नाही, आप्पा. नियम असतो.”

“मग ती पोरं त्येला नावं ठेवायल्यात ती?”

“खेळात चालतं तसं.”

ते थोडा वेळ थांबले. आणखी काही ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलं असावं. मग गेले. तो बराच पुढे निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मॅटिंग बाकीच्यांनी अंथरली. आठवडा गेला, पंधरवडा गेला. मी फाटकाच्या रस्त्याकडे पाठ करून उभा राहायचो, आणि तरी मान वळायचीच. शेवटी अमावास्या बघून त्याच्या घरी गेलो. माग बंद होता. आप्पांनी पाट दिला.

“निपाणीला गेला, त्येच्या मामाकडं. तंबाखूच्या वखारीत चिकटलाय.”

“परत कधी येणार?”

“हितं गल्लीत पोरं त्येला नावानं हाक मारंनात, मास्तर. मग येऊन काय करंल?”

मी चहा घेतला. सुताच्या भावाबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो, त्यांच्या धाकट्याला शाळेत कधी घालणार ते विचारलं. जे बोलायला गेलो होतो ते सोडून सगळं बोललो आणि उठलो. आप्पा पुढे दोन-तीन वर्षांनी गेले. पोरानं लबाडी केली नव्हती, हे त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच.

पुढच्या मोसमापासून मी पंच म्हणून उभं राहणं सोडलं. लोक म्हणाले, मास्तरांना मानाची हाव नाही. माझी कीर्ती वाढलीच. बोलर तयार करायचं काम मात्र चालू ठेवलं. चांगली पोरं मिळाली, काही पुढे मोठ्या सामन्यांतही खेळली. पण ‘हा तयार झाला’ असं कप्तानाला सांगताना माझी जीभ जड व्हायची. पोरगा मैदानावर गेल्यावर त्याच्या मागे आपण उभे राहू, असा त्या वाक्याचा अर्थ असतो, आणि मी कसा उभा राहतो ते मला ठाऊक होतं. संध्याकाळी फाटक बंद मिळालं की मी सायकलवरून उतरायचो. शेजारी कुणी नसायचं. गाडी यायची, जायची, फाटक उघडायचं, आणि मागचा टांगेवाला ओरडेपर्यंत मी तिथेच. त्या एका हिवाळ्यातल्या संध्याकाळी मला परत हव्या होत्या. त्या मिळण्यासारख्या नव्हत्या, आणि घालवल्या होत्या मीच.

मध्ये युद्ध आलं. मॅटिंग मिळेना, चेंडू मिळेनात, बेचाळीसच्या धामधुमीत आमची निम्मी पोरं कुठे कुठे गेली. लीग एक-दोन वर्षं बंदही पडली. युद्ध संपल्यावर ती पुन्हा उभी राहिली, तेव्हा निपाणीच्या एका क्लबाने तिच्यात यायची इच्छा दाखवली. कमिटीने ठरवलं की आमच्या क्लबाने निपाणीला जाऊन एक सामना खेळावा आणि त्यांचा खेळ बघून ठरवावं. वकील आता पिकल्या मिशांचे झाले होते आणि कमिटीवर होते. ते मला म्हणाले, “त्यांचे बोलर सगळे नवशिके आहेत म्हणे. तुम्ही चला, चार गोष्टी सांगा.” मग जरा घुटमळून म्हणाले, “त्यांना शिकवणारा कोण आहे माहीत आहे ना?”

मला माहीत नव्हतं. पण त्यांनी विचारलं त्यावरूनच कळलं.

काकतीवरून, संकेश्वरावरून आमची मोटार निघाली. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती गाडी दर चढाला दम घ्यायची आणि पोरं उतरून ढकलायची. निपाणी आली ती वासावरूनच कळली. आमचे दोन खेळाडू जे शिंकायला लागले ते मैदान येईपर्यंत शिंकत होते.

मैदानावर तो मॅटिंगच्या खुंट्या बघत होता. अंगाने भरला होता, कपाळ मोठं झालं होतं. वखारीतली सात-आठ पोरं त्याच्याभोवती, सगळी त्याला अण्णा म्हणणारी. खेळ सुरू झाला तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. निपाणीचा प्रत्येक बोलर सदऱ्याची बाही पार खांद्यापर्यंत दुमडून धावत येत होता. थंडी होती, तरी प्रत्येक जण. कोपर सगळ्या जगाला दिसावं म्हणून.

आमच्या बाजूला बसलेल्यांत हशा पिकला. “फेक्याची शाळा बघा.” कमिटीतले एक गृहस्थ वकिलांना म्हणाले, “त्याच्या हाताखालची पोरं आहेत. घ्यायचं तर एकेकाला तपासूनच घ्यावं लागेल. नाहीतर नकोच ती कटकट.” वकील माझ्याकडे बघत होते.

मी उठलो आणि त्याच्याकडे गेलो. तो सीमेपाशी उभा होता.

“ओळखलंस?”

“व्हय की, मास्तर. मोटारीनं लई तरास दिला म्हणं.”

“मला बोलायचंय. त्या सामन्याबद्दल.”

“बोला.”

“तुझा हात सरळ होता.”

“त्ये मला म्हाईत हाय,” तो म्हणाला. खेळावरची नजर त्याने काढली नाही.

“मलाही माहीत होतं. माझं...”

“हितं नको, मास्तर.” आवाज चढला नव्हता. “तुम्ही नो-बॉल काय माझ्या कानात दिलता व्हय?”

मीही खेळाकडे बघू लागलो. तोच पुढे बोलला. “ही पोरं इच्यारत्यात, अण्णा, तुम्ही बेळगावची लीग का सोडली म्हणून. मी सांगतो, गुडघा दुखायचा. सांगून सांगून आता गुडघा खरंच दुखाय लागलाय.” तो जरा हसला. “माझं काय, वय झालं. पर ह्यास्नी घ्यायला पायजे लीगमदी. ह्यांचा कुणाचा हात वाकडा न्हाय. तुम्ही बघा, पायजे तर.”

“मी बघितलेत.”

“मग झालं,” म्हणून तो चेंडू अडवायला धावला. गुडघा खरंच दुखत होता.

सामना आम्ही जिंकलो, पण फार सोपा गेला नाही. मग चिंचेखाली सतरंज्या टाकून चहा झाला. दोन्ही क्लब, कमिटीचे लोक, वखारीतली बघायला आलेली माणसं. वकिलांनी उभं राहून सांगितलं, की मास्तर नव्या बोलरना मार्गदर्शन करतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो मागे, खोडाला टेकून, कपबशी हातात घेऊन उभा होता.

मी उभा राहिलो. समोर त्या बाह्या दुमडलेल्या पोरांचे चेहरे होते, टप्पा कुठे टाकावा ते ऐकायला आतुर झालेले. माझ्या उजव्या हाताला माझ्या कीर्तीवर विश्वास ठेवून इतकी वर्षं चाललेले माझे बेळगावचे लोक. मी बोललो ते इतकंच होतं, आणि मला ते शब्दन्शब्द आठवतं.

“मार्गदर्शन करायचा हक्क मला नाही. तुमचे अण्णा बेळगावच्या लीगमध्ये फक्त एक सामना खेळले. त्यांनी लीग गुडघ्यामुळे सोडली नाही, माझ्यामुळे सोडली. त्या सामन्यात पंच मी होतो. त्यांचा हात सरळ होता. मी तो आधी स्वतः तपासला होता, आणि त्या दिवशी मैदानावरही मला तो सरळच दिसला. तरी मी नो-बॉल दिला, कारण माझ्या बोलरची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये. माझं नाव राखायला मी त्यांचं नाव घालवलं. हे मी त्यांच्या वडिलांना सांगायला हवं होतं, ते माझ्या हातून झालं नाही. आमच्यापैकी कुणी त्यांना फेक्या म्हणत असेल तर तो शब्द माझा आहे, तो मला म्हणा.” मग मी खोडाकडे वळलो. “अण्णा, मी तुमच्याशी खोटं वागलो. सगळ्यांच्या देखत वागलो, म्हणून सगळ्यांच्या देखत तुमची माफी मागतो.”